ऑकलंडात घर घेतोय : ऊबदार, कोरडं आणि विजेचं बिल न फुगवणारं घर ओळखायचं कसं?

दहिवर | ६ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचक होते, आज धागा काढायची वेळ आली.

सहा वर्षं न्यूझीलंडात, ऑकलंडला भाड्याने राहतोय, हे तिसरं घर. परवा मुलाच्या कपाटामागे पडलेला चेंडू काढायला हात घातला तर भिंत ओली लागली. कपाट पुढे ओढलं. मागे हिरवट-काळी बुरशी, जवळजवळ त्याच्याच उंचीची. तळाच्या खणात आईने शिवलेलं गोधडीवजा दुपटं जपून ठेवलं होतं, त्यावरही ठिपके. पोरगा दरवर्षी जूनमध्ये खोकायला लागतो आणि सप्टेंबरात थांबतो, त्याचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. घरमालकाला कळवलं तर म्हणे "खिडक्या उघडत जा". म्हणजे चूक आमचीच.

तर आता स्वतःचं घर. तीन-चार घरं मनात आहेत, सगळी साधारण एकाच किमतीच्या आसपास.

एक नॉर्थ शोअरला, १९९८ सालचं दुमजली. बाहेरून गुळगुळीत प्लास्टर, वर छान गच्ची, अगदी आपल्या कोथरूडच्या रो-हाऊससारखं. जागेच्या मानाने स्वस्त वाटतंय. दुसरं 'ते अटाटू' नावाच्या भागात, १९७२ सालचं एकमजली, विटांचं, वर कौलं, आतून जुनाट. तिसरं फ्लॅट बुशला कोरं करकरीत तिमजली टाउनहाऊस. शिवाय नवऱ्याला टिटिरांगीतलं झाडीतलं एक घर आवडलंय. म्हणतो, रोज माथेरानला राहिल्यासारखं वाटेल.

माणसं पाच : आम्ही दोघं, दोन मुलं आणि वर्षातले सहा महिने सासूबाई. त्यांना मुख्य दार पूर्वेला हवंय.

हीट पंप (घर गरमही करणारा एसी) सगळीकडेच आहे. एजंट म्हणतो, "घर हेल्दी होम्सला (भाड्याच्या घरांचे इथले नियम) पास आहे, काळजीच नको." एवढ्यावर विश्वास ठेवावा का? तुम्ही घर बघताना नक्की काय बघितलंत?

---

रिकामटेकडा | ६ जुलै, रात्री १०:०५

मी पुण्यात राहतो, त्यामुळे सल्ला देण्याचा पूर्ण अधिकार आहे. :)

खरंच प्रश्न पडलाय. ऑकलंडात म्हणे बर्फही पडत नाही. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे १० डिग्री होतं, घरात हीटर नाही की काही नाही, दुलई घेतली की झालं. मग तिथेच एवढा बाऊ का?

---

चिंचगूळ | ६ जुलै, रात्री ११:३०

@रिकामटेकडा, पुण्याची थंडी कोरडी असते हो. दुपारी २८ डिग्रीचं ऊन येतं आणि रात्रभराची सगळी थंडी पुसून नेतं. ऑकलंडात जुलैत दिवसा १४, रात्री ७, वर पाऊस, आणि हवा अशी की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. आता तुमच्या जुलैत तापमान १० वर आणा आणि घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या करा, म्हणजे कल्पना येईल.

@दहिवर, मी वेलिंग्टनची. पहिली दोन वर्षं आरो व्हॅलीत काढली. दरीतलं घर, जूनमध्ये आमच्या खोलीत ऊन यायचंच नाही. उशाला ठेवलेलं पुस्तक सकाळी हाताला गार आणि मऊ लागायचं. जॉन्सनव्हिलला स्वतःचं घर घेताना मी एकच ठरवलं होतं : बघायचं तर घराच्या वाईट वेळेला. तुम्ही जुलैत शोधताय हे तुमचं नशीब. जानेवारीत इथलं कुठलंही घर राजवाडा दिसतं.

ओपन होमला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा, एजंट तासभर आधी येऊन हीट पंप लावतात, सुगंधी काड्या ठेवतात, कधीकधी केकसुद्धा. त्याला भुलू नका. मी काय करायचे ते सांगते. दक्षिणेकडच्या खोलीत जायचं, कपाट उघडायचं, डोकं आत घालायचं आणि वास घ्यायचा. कुबट वास कपाटातून जात नाही, कितीही काड्या लावा. मग पडद्याची खालची कड उलटी करून अस्तर बघायचं. घरमालक भिंती रंगवतात, पडद्याचं अस्तर कोणी रंगवत नाही. काळे ठिपके दिसले की समजायचं, या खिडक्या रोज सकाळी रडतात. गॅरेजमध्ये डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लपवलेला दिसला तर तोही साक्षीदार.

आणि शेजाऱ्याला विचारा, "जूनमध्ये तुमच्या अंगणातलं ऊन किती वाजता जातं?" इथले म्हातारे शेजारी हे मिनिटासकट सांगतात.

टिटिरांगीबद्दल एवढंच की माथेरानला पावसाळ्यात माणसं राहतात कशी तेही नवऱ्याला विचारा.

---

झेंडू | ७ जुलै, सकाळी ८:१०

वास्तूवरून हसू नका कोणी, माझा अनुभव सांगते. वास्तुशास्त्र म्हणतं उत्तर आणि पूर्व मोकळी ठेवा, दक्षिण-पश्चिम भरलेली. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे उत्तर मोकळी ठेवून उन्हाचा फायदा नाही. पण इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो! उत्तरेला बसायची खोली, मोठ्या काचा, दक्षिणेला न्हाणी, गॅरेज आणि कपाटं. वास्तुवाल्यांना आणि इथल्या आर्किटेक्टांना एकच घर पसंत पडतं. सासूबाईंना असं पटवा. माझ्या पटल्या.

---

सुतारपक्षी | ७ जुलै, रात्री ९:२०

मी या धंद्यात आहे. आधी बांधायचो, आता गेली काही वर्षं घरं तपासून रिपोर्ट देतो. मूळ मिरजेचा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं ते १९९८ चं प्लास्टरचं घर. दहिवरताई, 'स्वस्त वाटतंय' हे तुम्हीच लिहिलंय, त्यातच उत्तर आहे. साधारण १९९० पासून २००४ पर्यंत इथे अशी घरं धडाधड उभी राहिली. भूमध्य समुद्राकाठची वाटावीत अशी : छपराला पन्हळ बाहेर न येता आत, वळचण नाही, खिडकीवर छज्जा नाही, वर गच्ची. भिंत म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर सिमेंटचा पत्रा किंवा फोम, त्यावर प्लास्टर. मध्ये पोकळी नाही. प्लास्टरला केसाएवढी चीर गेली की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. त्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून भट्टीत वाळवलेलं पण औषध न मारलेलं पाइन सांगाड्यात वापरायला मुभा मिळाली. ते लाकूड ओलं राहिलं की भाकरीसारखं कुस्करतं. मी स्वतः खिडकीखालच्या आडव्या दांडीत स्क्रूड्रायव्हर घातलाय आणि तो मुठीपर्यंत गेलाय. बाहेरून भिंत नुकती रंगवलेली, पांढरीशुभ्र. वरून कीर्तन, आतून तमाशा.

यालाच इथे 'लीकी होम' म्हणतात. २००९ मध्ये सरकारने करून घेतलेल्या अंदाजात अशी सुमारे ४२,००० घरं धरली होती. दावा लावायचा तर बांधकाम कायद्यात दहा वर्षांची शेवटची मुदत आहे, म्हणजे १९९८ च्या घराचा विषय केव्हाच संपला. पूर्ण अंगरखा उतरवून नवा चढवायचा, म्हणजे रिक्लॅड, तर खर्च काही लाख डॉलर. त्या काळातलं घर रिक्लॅड झालेलं असेल, त्याचं नवं कन्सेंट (बांधकाम परवानगी) आणि कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट (काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला) कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, फायलीत असेल, तर जरूर बघा. नसेल तर गच्चीवर चहा प्यायची हौस दुसरीकडे भागवा.

आता १९७२ चं. विटा बघून आपल्या माणसाला धीर येतो, पण ही आपली नऊ इंची भिंत नव्हे. वीट हा नुसता बाहेरचा अंगरखा. आत पोकळी, मग लाकडी सांगाडा, मग जिप्समचा बोर्ड. गंमत म्हणजे ती पोकळी हीच त्या घराची ताकद. विटेतून पाणी आलं तरी पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. म्हणून विटांच्या सगळ्यात खालच्या थरात ती उभी भोकं शोधा. पुष्कळांनी बागेची माती किंवा फरशी त्यावर चढवलेली असते.

इन्सुलेशन सक्तीचं झालं १९७८ पासून. म्हणजे १९७२ च्या घराच्या भिंतीत मुळात काहीच नसणार. भिंती उघडल्याशिवाय तिथे घालणं कठीण. पण छत आणि जमीन सोपी, आणि उष्णता सगळ्यात जास्त छतातून जाते. माळ्याची झडप उघडून मोबाइलचा टॉर्च मारा. लोकरीसारखे जाड तक्के सलग पसरलेले हवेत, निदान १२० मिलिमीटर. मध्ये मध्ये फटी, दिव्याभोवती भोकं, उंदरांनी केलेले बोगदे असतील तर तेवढं कमी धरा.

आणि घराखाली जायलाच हवं. तुम्ही नाही, तुमचा इन्स्पेक्टर. मी छातीवर सरपटत जातो आणि पहिल्यांदा माती मुठीत दाबतो. भुरभुरली तर उत्तम. लाडवासारखी वळली तर पाणी कुठून येतंय ते शोधायचं. ब्रॅन्झ या इथल्या बांधकाम संशोधन संस्थेच्या हिशोबाने १०० चौरस मीटरच्या घराखालच्या ओल्या मातीतून दिवसाला ४० लिटरपर्यंत पाण्याची वाफ वर येऊ शकते. बादलीने मोजा म्हणजे कळेल. ती फरशीतून, फटींतून थेट तुमच्या कपाटामागे जाते. तुमच्या घरमालकाने 'खिडक्या उघडा' म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघायला हवं होतं. उपाय अगदी साधा : जमिनीवर पाव मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन अंथरायचं, सांधे एकावर एक चढवून चिकटवायचे. इथल्या सगळ्या दुरुस्त्यांत एवढी स्वस्त आणि एवढी गुणाची दुसरी नाही.

जुन्या घरांत जमिनीखाली चांदीच्या कागदासारखं फॉइल ठोकलेलं दिसेल. त्याला हात लावू नका, स्टेपल तर मुळीच नको. वायरमध्ये पिन घुसून माणसं गेली आहेत. २०१६ पासून घरात फॉइल बसवायला आणि दुरुस्त करायला बंदी आहे.

---

पागोळी | ७ जुलै, रात्री ११:००

सुतारपक्षी, दंडवत!

मी राजापूरकडची, आता हॅमिल्टनला. ती प्लास्टरची घरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे बाबा इथे आले होते. गाडीतून बघून म्हणाले, "याक वळचणच नाय, पागोळ्यो पडतले खंय?" शिकलेले चौथी. एका वाक्यात निकाल.

आमच्याकडे घर म्हणजे आधी छप्पर, मग बाकीचं. छप्पर भिंतीच्या चांगलं दोन-अडीच हात पुढे. त्याखाली पडवी, त्यामुळे पावसाने मूळ भिंत कधी बघितलेलीच नसते. तरी पश्चिमेची झोड नको म्हणून मे अखेरीस झडी, म्हणजे आडोसे, बांधायच्या. जोतं उंच. परसात पाण्याला वाट आधी काढून ठेवलेली. आत चुलीची ऊब आणि धूर, वर माळ्यावर सुकवलेलं सगळं. एवढं करूनही श्रावणात पापड सादळायचे ते सादळायचेच, पण भिंत कधी ओली लागली नाही.

सांगायचं म्हणजे, इथे घर बघताना मी आधी वर बघते. छपराची कड भिंतीच्या किती पुढे आली आहे? मग खाली बघते. जमीन घराकडे उतरते की घरापासून लांब? मधलं स्वयंपाकघर, ग्रॅनाइट, स्पॉटलाइट नंतर.

आणि पाऊस पडत असताना जा. छत्री घेऊन घराभोवती एक प्रदक्षिणा. कुठला पाइप गळतो, पन्हळ कुठे ओसंडते, पाणी कुठे साचतं, सगळं फुकटात दिसतं. एजंट आत बूट काढून उभा असतो, तो काही मागे येत नाही.

---

नवाकोरा | ८ जुलै, दुपारी १२:५०

सगळे जुन्या घरांच्या प्रेमात दिसतायत म्हणून दुसरी बाजू. आम्ही तीन वर्षांपूर्वी नवं टाउनहाऊस घेतलं. डबल ग्लेझिंग, सगळीकडे इन्सुलेशन, खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यामुळे ते घराखालच्या मातीचं लफडं नाही. हिवाळ्यात हीट पंप संध्याकाळी दोन तास लावतो, बस. खोकला नाही, बुरशी नाही. ज्याला शनिवार-रविवार घराखाली सरपटायचं नाही त्याने नवं घ्यावं.

पण खोटं बोलणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात वरच्या मजल्यावर झोपवत नाही. पश्चिमेला मोठी काच, वर छज्जा नाही, रात्री ११ वाजता खोलीत २९ डिग्री. मुलं गाद्या घेऊन खाली हॉलमध्ये येतात. हीट पंप खालीच आहे, गार हवा वर चढत नाही. गेल्या उन्हाळ्यात वर दुसरा बसवला. म्हणजे हिवाळ्यात वाचवलेलं उन्हाळ्यात गेलं. घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही.

अजून एक. आमच्या डबल ग्लेझिंगच्या काचा सकाळी कोरड्या असतात, पण अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पाणी असतं. असं का?

---

मोहोर | ८ जुलै, रात्री ८:१५

@नवाकोरा, कारण चौकट आतून बाहेरपर्यंत एकसंध धातूची आहे. काच दुहेरी, चौकट एकेरी : अंगात स्वेटर आणि पायात काही नाही, तसं. चौकटीच्या मध्ये प्लास्टिकचा पट्टा घालून धातू तोडलेला असतो, त्याला थर्मल ब्रेक म्हणतात. आकड्यात सांगायचं तर एकेरी काच आणि अॅल्युमिनियमचा आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद, जास्त तेवढी चांगली) सुमारे ०.१५, साध्या दुहेरी काचेचा ०.२६. नव्या नियमात २०२३ च्या अखेरीपासून उत्तर बेटाच्या बऱ्याच भागासाठी ०.४६ चा आकडा आला, आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीला तो थर्मल ब्रेक, लो-ई काच (ऊब आत परतवणारा लेप दिलेली) यांच्याशिवाय जमत नाही. दहिवर, फ्लॅट बुशचं घर कुठल्या साली मंजूर झालं ते विचारा. 'नवीन' हे त्याआधीच्या नियमाचं नवीन आहे की नंतरच्या, यात बराच फरक आहे.

आता तो खिडक्या उघडण्याचा मुद्दा. घरमालक चुकीच्या हेतूने बोलला, पण वाक्य बरोबर आहे. "बाहेर एवढं दमट असताना खिडकी उघडून घर कोरडं कसं होईल?" असं मला माझ्या बायकोने विचारलं होतं, तेव्हा हिशोब करून दाखवला. बाहेर ८ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण साडेसात ग्रॅम पाणी. तीच हवा आत येऊन २० डिग्रीला तापली की आर्द्रता उतरते ४३ टक्क्यांवर, कारण गरम हवेत पाणी मावतं जास्त. म्हणून सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि बंद करायच्या. दिवसभर फट ठेवून बसलात तर फक्त थंडी मिळते.

घरात पाणी आपणच आणतो. मी एकदा सामान मोजायच्या लटकत्या काट्याला धुतलेले कपडे लावून बघितले. मशीनमधून निघाले तेव्हा ७.८ किलो, दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात वाळल्यावर ५.६. जवळपास सव्वादोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत. त्यात कुकरच्या शिट्ट्या, पाच जणांच्या आंघोळी, रोजचा वरणभात. नळी नसलेला गॅसचा हीटर तर वैरीच : एक किलो एलपीजी जळलं की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ खोलीत येते. ऊब मिळते आणि त्याबरोबर ओलही.

घर घेताना म्हणून दोन पंखे तपासा. न्हाणीतला आणि चुलीवरचा. रेंजहूड चालू करून टिश्यूचा एक पापुद्रा जाळीला लावा, चिकटून राहायला हवा. मग बाहेर जाऊन बघा, हवा खरंच भिंतीबाहेर पडते का. काही रेंजहूड फोडणीचा वास गाळून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतात. काहींची नळी माळ्यात उघडी सोडलेली असते, ते त्याहून वाईट.

(मी ख्राइस्टचर्चला. इथे या सगळ्याच्या आधी २०११ चा भूकंप आणि जमिनीची श्रेणी विचारायची, तो वेगळा धागा.)

---

रिकामटेकडा | ८ जुलै, रात्री ८:४०

ओले कपडे लटकत्या काट्याला लावणारा नवरा. वहिनींना साष्टांग.

---

दहिवर | ८ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्लास्टरचं घर रद्द. मी नवऱ्याला सुतारपक्षींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, स्क्रूड्रायव्हरपाशी त्याने हात वर केले. टिटिरांगीला आज दुपारी तीनला जाऊन आलो. पायवाटेवर शेवाळ, नवरा घसरला. विषय संपला.

राहिली दोन. ते अटाटूचं ऑक्शनला आहे. हेल्दी होम्सबद्दल कोणी बोललं नाही.

---

सुतारपक्षी | ९ जुलै, रात्री ९:५०

हेल्दी होम्स हे भाड्याच्या घरांसाठीचे किमान नियम आहेत. १ जुलै २०२५ पासून सगळ्याच भाड्याच्या घरांना लागू. बसायच्या खोलीत १८ डिग्री राखू शकणारा बसवलेला हीटर, छताला आणि जमिनीला ठरलेलं इन्सुलेशन, न्हाणी-स्वयंपाकघरात बाहेर हवा टाकणारे पंखे, घराखाली ओल अडवणारं आवरण, फटी बुजवलेल्या. पास असणं चांगलंच. पण दहावीला ३५ मार्क पडले तरी पास म्हणतात. त्यात भिंतींचा उल्लेख नाही, दुहेरी काचेची अट नाही, ऊन तर कुठेच नाही. आणि हो, हे नियम लागू असताना तुमच्या कपाटामागे ती बुरशी कशी, हे सध्याच्या घरमालकाला लेखी विचारा.

आता पैशांचा भाग. हीट पंप, छताचं इन्सुलेशन, पॉलिथिन, पंखे, पडदे, हे सगळं नंतर विकत मिळतं. उतारावर दक्षिणेकडे तोंड केलेल्या घराला ऊन विकत मिळत नाही. इथे जूनमध्ये दुपारी सूर्य उत्तरेला जेमतेम ३० अंश वर येतो. शेजारी तिमजली उभं राहिलं तर तुमच्या दिवाणखान्यात अंधार. म्हणून उत्तरेच्या शेजाऱ्याचा प्लॉट मोकळा असेल तर तिथे काय बांधायची मुभा आहे ते बघून घ्या. आज दिसणारं ऊन उद्या राहीलच असं नाही.

ऑक्शनला हातोडा पडला की सौदा पक्का, मागे फिरता येत नाही. त्यामुळे तपासणी आधी करावी लागते, घर नाही मिळालं तरी पैसे जातात. रडू नका त्या पैशांसाठी. एजंटने दिलेल्या रिपोर्टवर जाऊ नका, स्वतःचा करून घ्या, आणि त्यात 'घराखाली प्रवेश मिळाला नाही' असं वाक्य आलं तर फोन करून विचारा, का नाही मिळाला. कौन्सिलचा लिम रिपोर्ट (त्या जागेबद्दल कौन्सिलकडे असलेल्या नोंदी) मागवा, नियमाने दहा कामकाजाचे दिवस लागू शकतात, त्यामुळे आजच. मागच्या बाजूला वाढवलेली खोली कागदावर आहे का ते त्यातून कळेल. आणि पुराचा नकाशा बघा. २७ जानेवारी २०२३ ला ऑकलंडात ज्या घरांत पाणी शिरलं त्यातली कितीतरी नदीकाठची नव्हती, जुन्या बुजवलेल्या ओढ्यांवरची होती.

हीट पंपाबद्दल एकच. विजेच्या एका युनिटमागे तो तीनेक युनिट ऊब देतो, म्हणून स्वस्त. पण ओल्या घरात आधी तो बसवणं म्हणजे आधी कळस मग पाया. ओलं घर तापवायलाच वीज जास्त जाते.

---

चिंचगूळ | १० जुलै, सकाळी ७:४५

'३५ मार्क' +१. आणि स्वतःच्या घरात राहणार असाल, घर २००८ च्या आधीचं असेल, तर वॉर्मर किवी होम्स या सरकारी योजनेत इन्सुलेशनला अनुदान मिळतं का तेही बघा. पात्रता उत्पन्नावर आणि भागावर ठरते. माझ्या शेजारणीला मिळालं, मला नाही.

---

दहिवर | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१५

मंडळी, धागा वर काढतेय, कारण बातमी आहे.

ते अटाटूचं घर घेतलं! ऑक्शनला कोणी बोलीच लावली नाही, नंतर बोलणी करून शर्ती घालून ऑफर दिली. आमचा इन्स्पेक्टर घराखालून बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत चिखल. कपडे वाळवायच्या मशीनची नळी खालीच सोडलेली, आणि छपरावरून येणारा एक पाइप सांध्यातून सुटून सगळं पाणी घराखाली. माती लाडवासारखीच वळली म्हणे. मी घाबरले, पण तो हसत होता. म्हणाला, "दोन्ही कारणं सापडली, ही चांगली बातमी आहे. कारण न सापडणारी ओल वाईट." त्या यादीवर किंमत थोडी खाली आली.

राहायला यायच्या आधी पाइप जोडला, नळी बाहेर काढली, पॉलिथिन अंथरलं, माळ्यावर जुन्या तक्क्यांवर नवा थर घातला. भोकांवर चढलेली बाग मी स्वतः कुदळीने मागे सरकवली, दोन रविवार गेले. भिंती तशाच आहेत, रिकाम्या. खिडक्या एकेरी काचेच्या, त्या पुढच्या वर्षी, जमलं तर. सकाळी काचांवर अजून पाणी येतं, पुसते. पण मुलाच्या खोलीत हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवलाय, सकाळचा आकडा ५८-६० टक्के. जुन्या घरात शेवटच्या आठवड्यात मुद्दाम मोजला होता तेव्हा ८१.

बसायची खोली उत्तरेला. दार मात्र पश्चिमेला आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. मग दुपारी जेवून तिथेच उन्हात चटई टाकून आडव्या झाल्या, त्या चारला उठल्या. दाराचा विषय पुन्हा निघालेला नाही. गेल्या गुरुवारी त्यांनी पातळ पोह्यांचा चिवडा केला आणि डब्याचं झाकण रात्रभर उघडंच राहिलं. सकाळी मी एक घास तोंडात टाकून बघितला. कुरकुरीत. @पागोळी, तुमची आठवण आली.

आता पुढचा प्रश्न : पडदे. जाड अस्तराचे शिवून घ्यायचे की तयार मिळतात तेच चालतील?

---

पागोळी | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अभिनंदन गं! चिवडा इकडे पाठव.

---

चिंचगूळ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

अभिनंदन! तयार घेतलेत तरी चालतील, पण लांबी जमिनीला टेकेल अशीच घ्या आणि रुंदी चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त. खाली फट राहिली की काचेला लागून गार झालेली हवा तिथून घसरत थेट पायांवर येते. मापं घेताना कार्पेटपर्यंत घ्या. मी स्कर्टिंगच्या वरच्या कडेपर्यंत घेतली आणि आमचे सगळे पडदे चार बोटं आखूड झाले, अजून तसेच आहेत.